चित्रात आईला एकटे ठेवू नका

नाशिकहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे. उत्तराला लागेल तेवढाच भाग येथे देते.

‘माझी आई फिलिपिन्सची, इलोकोस सुर प्रांतातल्या एका गावची. मस्कतला परिचारिका असताना तिची आणि बाबांची ओळख झाली आणि लग्नानंतर ती सव्वीस वर्षे नाशिकला राहिली. आजीला वास सहन होत नाही म्हणून ती आपली बागुंगची, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या लगद्याची, बरणी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवायची. गेल्या नोव्हेंबरात माहेरी गेली असताना ती अचानक गेली. मी पोहोचले तेव्हा शवपेटी बैठकीच्या खोलीत होती आणि अंगणात लोक पत्ते खेळत होते. भेटायला आलेल्यांना मी धन्यवाद म्हटले तर मावशीने डोळ्यांनी दटावले. पेटीवर वाकून रडू लागले तर दंडाला धरून मागे ओढले. मावसभावंडांनी पेटीभोवती उभे राहून फोटो काढले. रात्री मला मुक्कामाला नेताना गाडी सरळ घरी न नेता बर्गरच्या दुकानापाशी थांबवली. दफनाआधी मावशीने आईच्या हातातल्या जपमाळेचा धागा कात्रीने कापला. दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन माझे केस धुतले. तेवढे एकच मला बरे वाटले, का ते माहीत नाही.

‘मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. येत्या नोव्हेंबरात आईचे बाबांग लुक्सा, म्हणजे तिकडचे वर्ष आहे. त्यासाठी तिचे मोठे तैलचित्र करून न्यावे असे मनात आहे. पण दहा महिने झाले, चेहरा उतरत नाही. पासपोर्टच्या फोटोवरून सात वेळा काढला आणि सातही वेळा तो दुसऱ्याच बाईचा झाला. बाबा तिच्या फोटोकडे पाहत नाहीत. देवघराशेजारी फोटो ठेवून मी त्यापुढे रोज ताट ठेवते, ते आत्याला पटत नाही. शिवाय वर्षाच्या आत माझे लग्न उरकावे असा तिचा आग्रह आहे. चित्र न्यावे की नाही? आणि त्या लोकांचे दुःख असे कसे, हे मला कधी कळेल का?’

सप्रेम नमस्कार.

‘त्या लोकांचे दुःख’ असे तुम्ही लिहिले आहे. ते लोक म्हणजे तुमची मावशी आणि मावसभावंडे. चित्र अडले आहे त्याचे कारण मला तुमच्या हातात किंवा रंगांत दिसत नाही, ‘त्या लोकांचे’ या दोन शब्दांत दिसते. म्हणून चित्राचे नंतर बोलू. आधी त्या बैठकीच्या खोलीत परत जाऊ.

फिलिपिन्समध्ये या दिवसांना लामाय म्हणतात, आणि त्या शब्दातच रात्रीचे जागरण आहे. तीन दिवसांपासून आठवडाभर, परदेशातले मूल यायचे असेल तर त्याहूनही अधिक काळ, मृताला घरी किंवा चॅपेलमध्ये ठेवतात आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळतात, ती अशी की रात्रीच्या कोणत्याही प्रहरी पेटीजवळ कोणीतरी जागे असले पाहिजे. अंगणातले पत्ते त्यासाठीच होते. पहाटे तीन वाजता डोळे उघडे ठेवायचे तर हाताला चाळा लागतो आणि तोंडात काही लागते. म्हणून पत्ते, कॉफी, बिस्किटे आणि कलिंगडाच्या भाजलेल्या बिया. डावाच्या पैशांतून काही हिस्सा काढून ठेवतात, त्याला तोंग म्हणतात, आणि तो घरच्यांना खर्चासाठी मिळतो. भेटायला येणारा प्रत्येक जण पाकिटातून यथाशक्ती रक्कम देतो, ती आबुलोय. म्हणजे ज्या शेजाऱ्याकडे पाहून तुमच्या मनात कडवटपणा आला, तो रात्रभर तुमच्या आईला सोबत करत होता आणि तिच्या दफनाच्या खर्चाला हातभारही लावत होता. इलोकोसमध्ये याखेरीज घरासमोर लाकडाचा ओंडका पेटवून ठेवण्याची रीत आहे. त्याला आतोंग म्हणतात आणि दफन होईपर्यंत तो विझू देत नाहीत. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण तुमच्या गावी ही रीत पाळली गेली असेल तर धूर आठवत असेल. आपल्याकडे माणूस जिथे गेला तिथे दहा दिवस दिवा ठेवतात आणि घरातले कोणी तरी रात्री उठून त्यात तेल घालते. जागे राहण्याचे काम दोन्हीकडे सारखेच आहे.

धन्यवाद म्हणू नये, कारण तसे केल्यास मरणाबद्दल आभार मानल्यासारखे होते, असा तिकडे समज आहे. यात परके काही नाही. आपल्याकडेही सुतकाच्या घरातून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही आणि घरचे ‘या’ म्हणत नाहीत. नाशिकच्या आत्याच्या घरी एखादी फिलिपिनो सून तसे म्हणाली असती तर तिलाही कोणी डोळ्यांनी दटावले असते. पेटीच्या काचेवर अश्रू पडला तर जाणाऱ्याचा पाय जड होतो, असे मानतात. मावशीने तुमचा दंड धरला तो आईच्या वाटेसाठी. जपमाळेचा धागा कापतात तो यासाठी, की मरणाची साखळी तिथेच तुटावी आणि घरातला पुढचा माणूस मागोमाग जाऊ नये. हे नीट वाचा: सख्ख्या बहिणीच्या हातातली माळ कापताना मावशीच्या मनात तुम्ही आणि तुमचे बाबा होता. बर्गरच्या दुकानाचेही तसेच. मृताच्या घरातून थेट आपल्या घरी जायचे नाही, वाटेत कुठेतरी थांबून पाठीशी लागून आलेले काही असेल ते झटकून जायचे, या रीतीला पागपाग म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच झटकणे असा आहे. पूर्वी कोणाच्या ओसरीवर थांबत असतील, आता रात्री जे दुकान उघडे असते तिथे थांबतात. आपण स्मशानातून येऊन आंघोळीआधी घरात पाऊल टाकत नाही, तेव्हा बर्गर खाणाऱ्या भावंडांना निर्दय ठरवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

नदीवरच्या केस धुण्याला गुल्गोल म्हणतात. दफनाच्या दुसऱ्या दिवशी घरातली वडीलधारी बाई जाळलेल्या भाताच्या पेंढ्याचे पाणी आणि बासी, म्हणजे उसाच्या रसाची आंबवलेली दारू, केसांवर ओतून सुतकातल्या माणसांची डोकी धुते. तुम्हाला तेवढेच का बरे वाटले असेल, याचा माझा अंदाज सांगते. त्या चार दिवसांत तुम्ही सतत काहीतरी करू पाहत होता आणि प्रत्येक गोष्ट चुकत होती. नदीवर तुम्हाला काहीच करायचे नव्हते, तुमचे डोके दुसऱ्या कोणाच्या हातात होते.

आता फोटोंविषयी. शवपेटीभोवती कुटुंबाने उभे राहून छायाचित्र काढून घेणे ही मोबाइलने आणलेली खोड नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्सच्या गावागावांत छायाचित्रकाराला यासाठी बोलावत. अशा छायाचित्रांना ‘रेकुएर्दोस दे पाताय’ असे अर्धे स्पॅनिश आणि अर्धे तागालोग नाव आहे. मृतांच्या आठवणी, असा त्याचा अर्थ. अनेकदा मृतासह सगळे कुटुंब एकत्र दिसणारे ते एकमेव छायाचित्र असे. आज त्याला आणखी एक कारण आहे. मी दुबईत राहत असताना शेजारच्या घरातल्या बाईंची आई गेली आणि त्यांना रजा मिळाली नाही. त्यांनी खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, त्यात गावाकडची पेटी दिसत होती, आणि त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून त्यांनी रात्री काढल्या. कामावर जाताना त्या लॅपटॉप बंद करत नसत. त्यांची खोलीतली मैत्रीण त्या वेळी घरी असे, ती बसे. पुढे पासियामच्या नऊ रात्रींच्या प्रार्थनेला मीही जाऊन बसले. शब्द कळत नव्हते, पण जागा भरलेली असणे महत्त्वाचे आहे हे पहिल्याच रात्री कळले. तुमच्या भावंडांनी काढलेले फोटोही हाँगकाँगला, इटलीला, आखातात अशाच कोणाकडे तरी गेले असतील. तुमच्या मोबाइलमध्ये ते असतील तर पुसू नका. त्यांवरून चित्र मात्र काढू नका.

पासपोर्टच्या फोटोवरूनही काढू नका. तो फोटो नियमानेच भावहीन असतो: तोंड मिटलेले, मान सरळ, कानांपर्यंत सारखा उजेड. तुमच्या आईने तुमच्याकडे आयुष्यात एकदाही तसे पाहिले नसेल. सात वेळा दुसरी बाई आली यात नवल नाही, त्या फोटोत बसलेली बाईच दुसरी आहे.

तुम्ही मनिलामार्गे जाल. गावची बस धरण्याआधी एक दिवस हाताशी ठेवा आणि रिझाल पार्कशेजारच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात जाऊन मानुंग्गुलचा कुंभ पाहा. पालावान बेटावरच्या ताबोन गुहांच्या परिसरात, मानुंग्गुल नावाच्या गुहेत, १९६४ मध्ये रॉबर्ट फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला. त्याचा काळ इसवी सनापूर्वी ८९० ते ७१० असा मानतात. तो अस्थिकुंभ आहे. आधी देह पुरायचा, मग काही काळाने अस्थी काढून अशा कुंभात ठेवायच्या, अशी दोन टप्प्यांची ती रीत होती. कुंभाच्या वरच्या भागावर लाटांसारखी वळणे कोरलेली आहेत आणि त्यांवर गेरूचा लाल रंग आहे. झाकणावर एक नाव आहे. नावेत दोघे बसलेले आहेत. पुढच्याचे हात छातीवर घडी घातलेले आहेत, तो मृत. मागचा वल्हे धरून नाव वळवतो आहे. वल्ह्याचे पाते तुटून गेले आहे, हातांची पकड मात्र शाबूत आहे. एक हजार पेसोंच्या जुन्या नोटेमागे हे झाकण छापलेले असे, आईच्या पाकिटात एखादी राहिली असेल तर पाहा.

त्या दोन चेहऱ्यांत साम्य शोधायला गेलात तर काही हाती लागणार नाही. डोळे आणि तोंड अगदी थोडक्यात दाखवलेले आहेत. अठ्ठावीस शतकांपूर्वीच्या त्या कारागिराने चेहऱ्यासाठी वेळ घालवला नाही. त्याने मागे एक माणूस बसवला. माझ्या मते तुमच्या कागदावर नेमका तोच नाही. तुम्ही आईला रिकाम्या पार्श्वभूमीवर एकटी बसवता आहात आणि ज्या घरात तिला एक रात्रही एकटे ठेवले नाही, त्या घरात ते चित्र नेणार आहात.

तेव्हा चित्र अवश्य न्या, पण हे चित्र नको. मोठे नको आणि तैलरंगातही नको. जाड तैलरंग आतून वाळायला महिनोन्‌महिने लागतात आणि नोव्हेंबर जवळ आला आहे. शिवाय इलोकोसमधल्या घराच्या भिंतीवर एवढे मोठे चित्र टांगले की त्याचे स्मारक होते, लोक त्यापुढे दबकतात. तुम्ही मुलांच्या पुस्तकांसाठी ज्या जलरंगात रोज काम करता त्यातच करा. आकार एवढाच ठेवा की सांतोंच्या, म्हणजे संतांच्या, मूर्तींशेजारी मेजावर ते उभे राहील आणि एखादी मावशी ते हातात घेऊन खिडकीपाशी जाऊ शकेल.

विषय तुमच्या पत्रातच आहे, तो तुम्ही आजीच्या तक्रारीच्या निमित्ताने जाता जाता लिहून गेलात. बागुंगची बरणी. आंबवलेल्या मासळीचा तो खारट लगदा तुमच्या आईने सव्वीस वर्षे वॉशिंग मशीनमागे लपवला, म्हणजे तो तिने सव्वीस वर्षे सोडला नाही. तो पिनाकबेतसाठी लागत असणार. त्या भाजीला कारली, वांगी, भेंडी आणि टोमॅटो लागतात आणि हे सगळे नाशिकच्या बाजारात मिळते. फक्त बागुंग मिळत नाही. आईला भाज्या निवडताना काढा. मान खाली, चेहरा तीन चतुर्थांश, प्रकाश हातांवर. सुरुवात हातांपासून करा आणि चेहरा सगळ्यांत शेवटी, जेवढा आपोआप येईल तेवढाच. परिचारिकेचे हात तुम्हाला पाठ आहेत. ताप पाहायला तेच कपाळावर आलेले आहेत. पायाशी किंवा मांडीवर आबेल घाला. इलोकोसच्या हातमागावरच्या या कापडात कुसिकुस नावाची एक नक्षी असते, पाहता पाहता भोवरा फिरू लागल्यासारखी. तिचे नाव वावटळीवरून आले आहे आणि तिने दुष्ट शक्तींची नजर गोंधळते अशी जुनी समजूत आहे. आईच्या कपाटात तशी एखादी चादर नक्की असेल. नसेल तर मावशीकडे फोटो मागा.

मागे कोणाला बसवायचे ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर बाबांना बसवा, हातात भाजीची पिशवी देऊन. ते फोटोकडे पाहत नाहीत, यावरून त्यांना बोलायचे नाही असा निष्कर्ष काढू नका. त्यांना ‘आईची आठवण येते का’ असे कधीही विचारू नका. ‘आई कारल्याच्या बिया चमच्याने काढायची की बोटाने?’ असे विचारा. बहुतेक पुरुष अशा प्रश्नाला उत्तर देतात, आणि एकदा उत्तर दिले की उठून सुरी आणून दाखवतातही.

चित्र चालू असतानाच कच्चे रेखाटन मावशीला पाठवा. ‘कसे वाटले’ असे विचारू नका, त्यावर ‘छान’ एवढेच उत्तर येईल. ‘काय चुकले आहे’ असे विचारा. भुवई अशी नव्हती, ती डावीकडे भार देऊन बसायची, हा कोयता आपल्या घरचा नाही, अशा दहा चुका दहा माणसे सांगतील आणि त्यातून जे उभे राहील ते तुमच्या एकटीच्या आठवणीतून उभे राहिले नसते. इलोकोसमध्ये म्हाताऱ्या बाया पेटीशी बसून हेल काढून रडतात, त्याला दुंग-आव म्हणतात. त्यात मृताला हाक मारून त्याची सगळी कहाणी त्यालाच सांगतात, गुण गातात आणि रागावतातही: मला न सांगता का गेलीस, उधारी कोण फेडणार, पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवलेस. आपल्या खेड्यांतही बाया अशाच रडत असत. शहरात आपण हुंदका गिळायला शिकलो. त्या दिवसांत तुमच्या कानावर दुंग-आव पडला असेल आणि कळला नसेल. ज्या बाईने तो म्हटला तिला शांतपणे सांगायला लावा की ती काय म्हणाली होती. तिची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करून ठेवा, आणि मावसबहिणीकडून अर्थ लिहून घ्या. माझी खात्री आहे की त्यात नाशिकचा उल्लेख असेल.

आणखी एक करा. कागदाच्या चारही बाजूंना दोन-दोन इंच कोरी जागा सोडा आणि ती कोरीच घेऊन जा. बाबांग लुक्साच्या दिवशी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होईल, मग घरी प्रार्थना आणि सर्वांचे जेवण. जेवणानंतर चित्र मेजावर ठेवून प्रत्येकाला त्या कडेला एक ओळ लिहू द्या, ज्याच्या त्याच्या भाषेत आणि अक्षरात. लहान मुले फुले काढतील, काढू द्या. साधे बॉलपेन देऊ नका, त्याची शाई काही वर्षांत उडते. न पुसणाऱ्या, उन्हात न उडणाऱ्या शाईची चार पेने इथूनच घेऊन जा. चौकट त्यानंतर तिथेच करून घ्या. काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी घालायला सांगा, नाहीतर त्या दमट हवेत रंग काचेला चिकटेल. मेणबत्ती चित्राच्या खाली न ठेवता बाजूला ठेवा, काजळी धरते. मूळ चित्र तिथे राहू द्या. लिहून झाल्यावर चांगल्या प्रतीचे स्कॅनिंग करून त्याची एक प्रत नाशिकसाठी आणा. बाबांना त्या ओळी वाचून दाखवायला काही दिवस लागतील, ते बरेच आहे. हारासाठी सांपागीता मिळेल. फिलिपिन्सचे ते राष्ट्रीय फूल, चर्चबाहेर मुले त्याचे गजरे विकतात. हुंगून पाहा: तो आपला मोगराच आहे, वनस्पतिशास्त्रानेही तोच.

बाबांग म्हणजे खाली उतरवणे आणि लुक्सा म्हणजे सुतक. वर्षभर घरच्यांनी काळे कपडे, निदान छातीशी काळी टाचणी लावलेली असते, ती त्या दिवशी उतरवतात. म्हणून जाताना एक रंगीत पोशाख बरोबर घ्या, शक्यतो आईने तुमच्यासाठी निवडलेला. सकाळी काळ्यात जा आणि सगळ्यांबरोबर बदला.

आत्याविषयी थोडे. तुम्ही जे ताट ठेवता ते इलोकोसचे आतांग आहे: भात, तांदळाचे गोड पदार्थ, अंडे, घोटभर बासी, एखाद्या आजोबांसाठी विडी किंवा विडा. पितृपक्षात आपण वाढतो त्या पानाहून ते फार वेगळे नाही, आणि हे आत्याला तुम्ही याच शब्दांत सांगू शकता. तिची हरकत, मला वाटते, दोन गोष्टींना आहे: मृताचा फोटो देवघराशी असणे आणि हे रोज होणे. इलोकोसच्या घरात दिवंगतांचे फोटो संतांच्या मूर्तींशेजारीच असतात. आपल्याकडे ते वेगळ्या भिंतीवर असतात. ज्या घरात दोघी राहता त्या घरात आत्याचेही थोडे ऐका. आईसाठी वेगळी फळी करा आणि ताट रविवारी ठेवा, त्यात पिनाकबेत असू द्या, आणि बागुंगची बरणी आता आत आणा. वर्षश्राद्धाची अडचण येणार नाही. ते तिथीने येते आणि बाबांग लुक्सा तारखेने. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने वर्षश्राद्ध आधी पडेल, मध्ये अधिक मास आला असेल तर काही दिवस नंतर. दोन्हींना तुम्ही हजर राहू शकता.

लग्नाचे मात्र दोन्ही बाजूंचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. आपल्याकडे म्हणतात, वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षे थांबा. तिकडे म्हणतात, वर्ष संपेपर्यंत लग्नाचे नाव काढू नका, ते सुकोब होते, म्हणजे अशुभ. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळता येणार नाहीत, हे आत्याला आणि मावशीला एकाच फोनवर सांगून टाका. तुमच्या मनात कोणी आहे असे पत्रावरून दिसत नाही. मग मुहूर्ताची चर्चा कशाला?

शेवटचे काम वर्षाच्या दिवसाचे नाही, उंदासचे आहे. १ आणि २ नोव्हेंबरला फिलिपिन्समध्ये सगळे गाव दफनभूमीत असते. वसईच्या बाजूला २ नोव्हेंबरला दफनभूमीत लागलेल्या मेणबत्त्या तुम्ही कधी पाहिल्या असतील. तिकडे लोक जेवण, सतरंज्या आणि पत्ते घेऊन जातात, अनेक जण रात्रभर थांबतात, आणि मुले थडग्यांवरचे वितळलेले मेण गोळा करून त्याचे चेंडू करतात. शक्य असेल तर ३१ ऑक्टोबरच्या आधी पोहोचा, कारण खरे काम आदल्या दिवशी असते. त्या दिवशी गवत काढतात, थडग्याला चुना लावतात आणि लापिदावरची, म्हणजे नावाच्या शिळेवरची, अक्षरे पुन्हा रंगवतात. एका पावसाळ्यात त्या अक्षरांतला रंग धुऊन गेलेला असेल. सहसा दफनभूमीतला रंगारी किंवा घरातला एखादा मुलगा ते काम करतो, आणि तो घाईत असतो. यंदा ते तुम्ही मागून घ्या. शिळेवर आईचे नाव, तिचे माहेरचे आडनाव आणि तुमचे आडनाव असे तिन्ही असेल, आणि इंग्रजी लिपीतले मराठी आडनाव गावातल्या कारागिराने पहिल्यांदाच कोरले असेल, तेव्हा अक्षरांच्या खाचा थोड्या वेड्यावाकड्या असतील. आधी सुक्या ब्रशने माती काढा, मग ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. रंग भरताना मावसभावाला शेजारी बसवा. बाहेर गेलेला थेंब त्याने लगेच पुसावा. लांब केसांचा एक नंबरचा ब्रश तुमच्या पेटीतला न्या. एनॅमल रंगाचा डबा मात्र नेऊ नका, विमानात तो चालत नाही. गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, आणि उंदासच्या आठवड्यात काळा व सोनेरी लवकर संपतात, म्हणून मावशीला आधीच आणून ठेवायला सांगा.